पोकळ दाराला ठिगळ

आपल्या घरातलं एखादं आतलं दार बोटाच्या पेरानं वाजवून बघा. न्हाणीघराचं असो, झोपायच्या खोलीचं असो. कडेला, बिजागरीजवळ 'टक' असा घट्ट आवाज येतो. तिथून वाजवत वाजवत मध्यावर या. आवाज मोकळा झाला, डफावर थाप पडल्यासारखा घुमला, तर दार आतून पोकळ आहे असं समजावं. मग कडीच्या बाजूला सरका. कडीच्या आसपास वीतभर जागेत आवाज पुन्हा घट्ट होतो. एवढ्या चार टिचक्यांत त्या दारानं आपला सगळा नकाशा तुम्हांला सांगितलेला असतो.

दार पोकळ आहे हे कळलं की पुष्कळांचा चेहरा पडतो. आपण लाकूड म्हणून घेतलं आणि पदरात हवा पडली, असं वाटतं. पण तसं वाटून घ्यायचं कारण नाही. भरीव दार म्हणून सांगून पोकळ दार दिलं असेल तर ती फसवणूकच; पण आतल्या दारासाठी पोकळ दार वापरणं ही काही लबाडी नव्हे. आतल्या दाराचं काम आडोशाचं. चोराला थोपवायचं काम मुख्य दाराचं, आणि तिथं मात्र पोकळ दार कधीही चालवून घेऊ नये. भरीव फ्लश दार साधारण तीस किलोंच्या घरात जातं, पोकळ त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतं. बिजागरीवर भार कमी पडतो, लहान मुलालाही ते सहज लोटता येतं आणि लाकूड वाचतं.

आमच्या कोकणातल्या जुन्या घरांची दारं फणसाची नाहीतर सागाची. ती बिघडली तर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं : फळी बदला, खिळा मारा, रंधा फिरवा. पोकळ दाराचं तसं नाही. त्याला भोक पडलं की आपण बावरतो, कारण आत काय आहे ते आपण कधी पाहिलेलंच नसतं. बोलावलेला सुतारही बहुतेक वेळा एका वाक्यात निकाल देतो, "हे काढून टाका, नवीन बसवू." त्याला दोष देता येत नाही. दुरुस्तीला दीड दिवस जातो आणि नवं दार तासाभरात बसतं. पण ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्यानं हा निकाल लगेच मान्य करू नये. या दारात लाकूड कुठं आहे आणि हवा कुठं आहे, एवढं नीट समजलं तर बहुतेक दुरुस्त्या घरी, साध्या हत्यारांनी होतात. मी कविता लिहिणारा माणूस. मला हे समजलं ते आमच्या आळीतल्या एका वृद्ध मेस्त्रींच्या शेजारी बसून. त्यांना आम्ही सगळे मेस्त्रीमामा म्हणायचो.

शब्दांचा नाद असल्यामुळं जाता जाता एक सांगतो. आपलं 'दार' संस्कृत 'द्वार'वरून आलं. फारसीत दाराला 'दर' म्हणतात, आणि 'दरवाजा' त्यातलाच. हे दोन्ही शब्द एकाच कुळातले, दूरचे भाऊबंद. 'मेस्त्री', 'बिजागरी' आणि 'चावी' हे तिन्ही पोर्तुगीजांनी दिलेले. म्हणजे एक दार बसवायचं म्हटलं तरी तीन-चार मुलखांचे लोक उंबऱ्यावर गोळा होतात.

आता दाराच्या आत शिरू. चारी बाजूंनी लाकडी पट्ट्यांची चौकट असते. उभ्या दोन, वर-खाली आडव्या दोन. या पट्ट्या साधारण एक ते दोन इंच रुंदीच्या. दार जितकं स्वस्त तितक्या त्या अरुंद. कडी किंवा कुलूप जिथं बसायचं तिथं आत लाकडाचा एक जाड ठोकळा घातलेला असतो. काही दारांत तो दोन्ही बाजूंना असतो, काहींत एकाच. बाकीची सगळी जागा पोकळ. त्या पोकळीत लाकडाच्या बारीक पट्ट्या तरी उभ्या केलेल्या असतात, नाहीतर जाड कागदाची जाळी पसरलेली असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी. या सगळ्यावर दोन्ही अंगांनी तीन-चार मिलिमीटरचं प्लायवूड किंवा हार्डबोर्ड चिकटवलेलं. झालं दार. भारतीय मानक ब्युरोचं आय. एस. २१९१ हे मानक अशा पोकळ दारांसाठी आहे आणि २२०२ हे भरीव दारांसाठी. दार विकत घेताना त्यावरचा आकडा वाचला तरी आत काय आहे ते दुकानदाराला विचारावं लागत नाही.

कागदाची जाळी म्हटल्यावर लोक हसतात. पण एक कागद उभा धरून दाबला तर मोडतो, तोच षट्कोनांत गुंफला तर वरून येणारा दाब चांगला पेलतो. सारख्या क्षेत्रफळाचे कप्पे पाडताना भिंतींना कमीत कमी सामान षट्कोनातच लागतं, हे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आलं होतं. त्याची पक्की गणिती सिद्धता टॉमस हेल्स या गणितज्ञानं १९९९ साली दिली. मधमाशीला ती कधी लागली नाही. मात्र या जाळीची ताकद सगळीकडून सारख्या येणाऱ्या दाबापुरती. कपाटाचा कोपरा, पलंगाचा पाय, रागानं मारलेली मूठ असा एकाच जागी घाव बसला की वरचं पातळ प्लाय फाटतं आणि कागद आत दबतो. घर बदलताना सामान हलवणाऱ्यांच्या हातून अशी भोकं हमखास पडतात, आणि भाड्याचं घर असलं तर अनामत रक्कम परत घेताना ती घरमालकाच्या नजरेत हमखास भरतात.

आणि कधी कधी दार मुद्दाम फोडावं लागतं. २०१९ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझी खाला, म्हणजे मावशी, तेव्हा ७६ वर्षांची होती. तिला मधुमेह. सकाळी न्हाणीघरात गेली, आतून कडी घातली, आणि साखर एकदम उतरल्यामुळं खाली कोसळली. घरात सून एकटी. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा धावत आला. त्यानं दाराला लाथ मारली नाही, स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. पोकळ दाराच्या मध्यावर लाथ मारली तर पाय आरपार जाऊन अडकतो आणि कडी जागची हलत नाही. त्यानं कडीपासून वीतभर आत दोन घाव घातले, भोकातून हात घालून कडी काढली. पुढचं सगळं वेळेवर झालं. खाला तीन दिवसांनी इस्पितळातून चालत घरी आली.

दार मात्र तसंच राहिलं. बशीएवढं भोक, आरपार. सुतारानं नव्या दाराचा हिशेब सांगितला : दार, बिजागऱ्या, कडी, रंग, मजुरी. इस्पितळाचं बिल नुकतंच भरलं होतं, तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू" असं ठरलं आणि भोकावर दोन्ही बाजूंनी कॅलेंडरची पानं चिकटली. न्हाणीघरातल्या वाफेनं आतलं पान आठवड्यात सुटलं. दुसरं लावलं, तेही सुटलं. खाला मग पहाटे साडेचारला, घर झोपेत असताना अंघोळ उरकू लागली. जिनं उभ्या आयुष्यात परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिच्यावर या वयात ही पाळी. ती कुणापाशी काही बोलली नाही. सुनेच्या लक्षात आलं ते पहाटेच्या नळाच्या आवाजानं. ज्या बाईची साखर उतरते तिनं पहाटे, उपाशीपोटी, सगळे झोपलेले असताना अंघोळीला जाणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

मी मेस्त्रीमामांना घेऊन गेलो. त्यांनी दार वाजवून पाहिलं, भोकातून मोबाईलच्या बॅटरीचा उजेड आत टाकला आणि खालाला म्हणाले, "आपा, दाराला काही झालेलं नाही. ठिगळ लावू." मग माझ्याकडं वळून, "कवी, गुण्या आणा आणि धारेची सुरी आणा."

भोक लहान असतं, म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढं किंवा लिंबाएवढं, तर काम सोपं होतं. कडेची लोंबणारी छिलकी कापून काढायची. भोकापेक्षा दोन-तीन इंच लांब अशी प्लायची एक अरुंद पट्टी घ्यायची, तिच्या मधोमध एक स्क्रू अर्धवट पिळायचा, म्हणजे धरायला मूठ झाली. पट्टीच्या दोन्ही टोकांना फेविकॉल लावून ती तिरपी करून आत सारायची, आणि स्क्रूला धरून आपल्याकडं ओढून प्लायच्या आतल्या अंगाला चिकटवायची. एका दोरीनं स्क्रू बाहेर आडव्या ठेवलेल्या पेन्सिलीला ताणून बांधला की रात्रभर ती पट्टी जागची हलत नाही. सकाळी स्क्रू काढा आणि त्या पट्टीच्या आधारावर पुट्टी भरा. पुष्कळ लोक भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून पुट्टी थापतात. तीही काही दिवस टिकते. पण बोळा ओल धरतो, दबतो, आणि पुट्टी आत खचते. हल्ली फसफसून फुगणारा फोमही डब्यात मिळतो. तो वापरायचा तर अगदी थोडा. जास्त सोडला तर आतून दाब येऊन धड असलेलं प्लायही फुगवतो.

खालाच्या दाराचं भोक मोठं आणि दुहेरी. अशा वेळी फाटलेला भाग वाचवायच्या फंदात पडायचं नाही. मेस्त्रीमामांनी गुण्या धरून भोकाभोवती आठ बाय आठ इंचांचा चौकोन आखला. करवत लावली नाही. पोलादी पट्टीच्या कडेनं सुरी त्याच त्या रेघेवर दहा-बारा वेळा ओढली. तीन-चार मिलिमीटरचं प्लाय तेवढ्यानं कापलं जातं आणि कड फाटत नाही. दुसऱ्या अंगालाही समोरासमोर तसाच चौकोन कापला. आतली कागदी जाळी त्यांनी चौकोनाच्या बाहेरही दोन-दोन इंच आतल्या आत कापून काढली.

आता मुख्य गोष्ट. दार ३० मिलिमीटर जाडीचं, दोन्ही बाजूंचं प्लाय चार-चार मिलिमीटर, म्हणजे मधली पोकळी २२ मिलिमीटरची. बरोबर तेवढ्याच जाडीच्या सागाच्या चार पट्ट्या केल्या, दीड इंच रुंदीच्या. त्यांना फेविकॉल लावून दोन्ही प्लायांच्या मधे अशा सरकवल्या, की निम्मी पट्टी आत लपलेली आणि निम्मी चौकोनात डोकावणारी. चारी बाजूंनी झालं की भोकाला आतून एक छोटी चौकट बसली. हीच चौकट दोन्ही बाजूंच्या ठिगळांना आधार देते. शिकंजे लावून रात्रभर तसंच ठेवलं. शिकंजा आणि प्लाय यांच्यामधे लाकडाचे तुकडे ठेवायचे, नाहीतर प्लायवर वळ उठतात.

दुसऱ्या दिवशी ठिगळं. त्याच जाडीच्या प्लायचे दोन तुकडे, भोकापेक्षा किंचित लहान. चारी बाजूंनी पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट राहील असे. मागून फेविकॉल, आणि कडेकडेनं अर्ध्या इंची पितळी स्क्रू. लोखंडी स्क्रू न्हाणीघरात गंजतात आणि रंगातून तांबडे ठिपके वर येतात. अर्धा इंचच का? साडेबारा मिलिमीटरमधले चार ठिगळात जातात, साडेआठ पट्टीत. समोरच्या अंगानंही तेवढेच. मिळून सतरा, आणि पट्टी २२ची. दोन्हीकडचे स्क्रू एकमेकांना धडकत नाहीत. असले हिशेब मेस्त्रीमामा कागदावर करत नसत, कानामागची पेन्सिल त्यांनी फक्त रेघा मारायला ठेवलेली असे. स्क्रूचं डोकं प्लायच्या पातळीच्या किंचित खाली बसेल अशी खोबण आधी करून घ्यायची.

चिकटवायच्या वस्तूबद्दल थोडं. फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. त्याआधी सुतार सरस वापरत, जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला. तो पाण्यात टाकून मंद आचेवर वितळवावा लागे आणि त्याचा वास दोन घरं पलीकडं जाई. आपलं नेहमीचं पांढरं फेविकॉल त्यातलं पाणी लाकडात शोषलं जाऊन आणि उडून जाऊन घट्ट होतं. दारातल्या बंद पोकळीत पाणी उडायला वेळ लागतो, म्हणून डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबावं. आणि न्हाणीघराच्या दाराला पाण्यात टिकणाराच प्रकार घ्यावा. साधा प्रकार सतत ओला राहिला की मऊ पडतो.

पुट्टीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. भिंतीची पांढरी पुट्टी दाराला लावू नये. ती सिमेंटच्या जातीची, ताठ. पोकळ दाराचं प्लाय हात टेकला तरी किंचित लवतं; चार-सहा महिन्यांत ठिगळाच्या कडेनं केसासारखी चीर दिसू लागते. खोल जागी एम-सीलसारखी दोन भाग मळून करायची पुट्टी, किंवा मोटारीचे पोचे भरणारे वापरतात ती, आणि वरच्या सफाईसाठी लाकडाची लांबी. मोटारीची पुट्टी पंधरा-वीस मिनिटांत दगड होते, तेव्हा थोडी थोडीच कालवावी. एका दमात जाड थर भरू नये. मग काचपेपर : आधी ८० नंबर, नंतर १२०, शेवटी २२०.

घासताना एक सावधगिरी. दाराला जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चालावं. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम आपल्याकडं २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ घरभर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून थेट पोटात जाते. म्हणून पाणी लावून घासा, नाकाला मास्क बांधा, पोराबाळांना त्या दिवशी आजोळी पाठवा. खाली ओलं फडकं फिरवूनच मग झाडू घ्या.

खालाचं दार तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रंगून झालं. ठिगळ कुठं आहे ते माहीत असलेल्यालाच दिसतं. दाराला सनमायका असता तर हे जमलं नसतं. तिथं ठिगळ लपत नाही, एका अंगाला पूर्ण नवा सनमायका तरी लावायचा, नाहीतर न्हाणीघराच्या दाराला आपल्याकडं लावतात तसा अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकायचा. मेस्त्रीमामांनी जुनी कडी काढून तिच्या जागी बाहेरून नाणं घालून फिरवता येणारी कडी बसवली. आतून ती नेहमीसारखीच लागते. प्रसंग आला तर बाहेरून, वरवंट्याशिवाय उघडते. म्हातारी माणसं असलेल्या प्रत्येक घरात न्हाणीघराला अशीच कडी असावी, असं माझं म्हणणं आहे. ती बसवताना स्क्रू त्या आतल्या ठोकळ्यातच जातील असं बघा. दार उलटं करून दुसऱ्या बाजूला कडी लावायचा विचार असेल तर आधी तिथं वाजवून ठोकळा आहे ना ते पाहा, नाहीतर स्क्रू हवेत फिरतील. खाला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, चहा-बिस्किटं झाल्यावर अंघोळीला गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज सुनेनं ऐकला.

हवेत फिरणाऱ्या स्क्रूंची दुसरी जागा म्हणजे दारामागचे हुक. आपल्याकडं दाराच्या पाठीवर काय काय लटकतं! शाळेची दप्तरं, टॉवेल, रेनकोट, बुरखा, इस्त्रीचे शर्ट, बाजाराच्या पिशव्या. हे सगळं तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवर. हुक एक दिवस प्लायचा तुकडा घेऊनच खाली येतो. उपाय सोपा आहे. दाराच्या रुंदीइतकी एक लाकडी पट्टी घ्या, ती एका उभ्या पट्टीपासून दुसऱ्या उभ्या पट्टीपर्यंत आडवी लावा आणि दोन्ही टोकांचे स्क्रू कडेपासून अर्ध्या-पाऊण इंचावर, भरीव लाकडात पिळा. हुक त्या आडव्या पट्टीवर. मग दप्तरात सगळी पुस्तकं असली तरी चालतील.

बिजागरीचे स्क्रू ढिले झाले तर लांब स्क्रूचा हव्यास नको, तो पट्टी ओलांडून पोकळीत जातो. जुन्या भोकात फेविकॉलमधे बुडवलेल्या बांबूच्या काड्या ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या, उरलेल्या कापून टाका आणि बारीक गिरमिटानं नवं भोक पाडून तोच स्क्रू बसवा.

आता न्हाणीघराच्या दाराचा पाय. पाणी उडून उडून खालचं प्लाय सुटतं, त्याचे पापुद्रे होतात. नुसतं सुटलं असेल तर दार काढून आडवं ठेवा, पंख्याखाली दोन-तीन दिवस पूर्ण सुकवा. औषधाच्या दुकानात मिळणारी सिरिंज घ्या, सुई न लावता तिनं पापुद्र्यांच्या आत पाण्यात टिकणारं फेविकॉल सोडा, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर फळी, आणि फळीवर पाटा-वरवंटा किंवा भरलेली कळशी. चोवीस तास हात लावू नका. पण प्लायऐवजी भुशाचा बोर्ड असेल आणि तो चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगला असेल, तर तो पुन्हा बसत नाही. तेवढा भाग कापावाच लागतो.

इथंच एक गोम आहे, आणि ती पुष्कळ कारागीरही सोडून देतात. पोकळ दार खालून दीड-दोन इंच कापलं की खालची आडवी पट्टीच निघून जाते. मग दार म्हणजे तळ नसलेला डबा. पाणी आत, झुरळं आत, आणि दोन्ही प्लायांना धरून ठेवणारं मधे काही नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवतात तेव्हा घरोघर हेच होतं. जमीन इंचभर वर येते, दार घासतं, फरशीवाला करवतीनं तळ कापून मोकळा होतो. अशा वेळी तो कापलेला तुकडा फेकू देऊ नका. पटाशीनं त्याची दोन्हीकडची प्लायं सोडवा, आतली लाकडी पट्टी साफ घासा. कुजली असेल तर त्या मापाची नवी करून घ्या. दाराच्या तळातली कागदी जाळी वर ढकलून पट्टीभर जागा करा, पट्टीला फेविकॉल लावून दोन्ही प्लायांच्या मधे घाला, शिकंजे लावा. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दाराचं आयुष्य त्यावर ठरतं.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत प्रत्येक घरात एखादं तरी दार अडतं. लगेच रंधा मारू नका. लाकूड ओल पिऊन फुगलेलं असतं, पाऊस सरला की ते आपसूक बसतं, आणि जुलैत रंधलेल्या दाराला मार्चमधे बोटभर फट पडते. शिवाय पोकळ दाराच्या कडेला रंधायला लाकूड असतंच किती? आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासा. निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतं, खाली झुकलेलं असतं. ते ठीक असेल तर अडणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा आणि पावसाळा निभावून न्या.

काही दारं मात्र वाचवू नयेत. बिजागरीकडची उभी पट्टीच कुजली असेल, दोन्ही प्लायं सगळीकडून सुटली असतील, किंवा वाळवीच्या मातीच्या रेघा दिसत असतील, तर ठिगळ लावत बसू नका. वाळवी असेल तर नव्या दाराआधी चौकटीचा आणि भिंतीचा बंदोबस्त करा.

उरला रंग. तो दोन्ही अंगांना सारखा द्यावा. एकाच अंगाला दिला तर दुसरं अंग ओल पितं आणि दार धनुष्यासारखं वाकतं. वरची आणि खालची कड नव्या घरांतसुद्धा बहुतेक कोरी ठेवलेली असते, कारण ती कुणाला दिसत नाही. ओल नेमकी तिथूनच शिरते. स्टुलावर चढून वरच्या कडेवर हात फिरवा, खरखरीत लागली तर कोरी आहे. खालच्या कडेसाठी दार बिजागऱ्यांवरून उतरवावंच लागतं. प्रायमर एक हात, ऑइलपेंट दोन हात, आणि हे काम डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत करावं. रंग पुरता सुकेपर्यंत दार अर्धवट उघडं ठेवून खाली पाचर सारावी. रात्री सवयीनं कुणी ते लोटून घेतलं, तर कड चौकटीला चिकटते आणि सकाळी ओढताना नवा रंग तिथल्या तिथे सोलून निघतो.